सात दिवस नुसतं पाणीच पाणी, बोटीवर करायचं तरी काय?

लोंढ्याचा_अप्पा:
नमस्कार मंडळी. लेक लंडनला असते, तिने आम्हा दोघांचं सप्टेंबरचं बुकिंग करून टाकलंय, साऊथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, क्वीन मेरी २ नावाची मोठी बोट, सात रात्री. मधे एकही बंदर नाही! मी रेल्वेत होतो, लोंढा-खानापूर-बेळगाव यातच सगळी नोकरी गेली, समुद्र म्हणजे अनमोड घाट उतरून गोव्याला जायचं, पाय भिजवायचे आणि परत यायचं एवढंच. बायको म्हणालीय विमान आठ तासात जातंय की, मग हे कशाला. आणि मला उलटीची भीती, अनमोडला पण दोनदा गाडी थांबवायला लावतो मी. कोण जाऊन आलंय काय?

टिळकवाडी_काकू:
अप्पा, आम्ही दोघं हीच ट्रिप करून आलोय. पहिला दिवस तुमच्यासारखाच गेला, आमचे हे दर अर्ध्या तासाला मोबाईल वर धरून रेंज शोधत होते. तिसऱ्या दिवशी फोन कपाटात गेला तो न्यूयॉर्कलाच निघाला.

दिवस कसा जातो सांगते. सकाळी डेकवर तीन फेऱ्या मारल्या की पावणेदोन किलोमीटर होतंय, मी इथं रोज व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या जागेत चालते त्यामुळे जमलं, पण वारा असा की आपला जुलैचा बेळगावचा वारा काहीच नाही, स्वेटर आणि कानटोपी न्याच. मग लाकडी खुर्चीत पाय पसरून, अंगावर ब्लँकेट घेऊन नुसतं बघत बसायचं. काय बघायचं असं मला पण वाटलं होतं, पण पाणी तासातासाला रंग बदलतंय हो, सकाळी शिशासारखं करडं, दुपारी निळं, आणि एक दिवस धुकं आलं तर काहीच नाही, नुसता भोंगा. दुपारी बारा वाजता कॅप्टन स्पीकरवर सांगतो बोट कुठं आहे, हवा कशी आहे. आमच्या यांनी वहीत सगळं लिहून ठेवलंय. दुपारच्या चहाला पांढरे हातमोजे घातलेले वेटर येतात, चहा आपला पाणचट, पण थाट बघण्यासारखा. मोठी लायब्ररी आहे, तारे दाखवायचं प्लॅनेटेरियम पण आहे. आणि कुत्र्यांना सुद्धा खोल्या आहेत, त्या म्हणे माणसांच्या आधी फुल होतात!

सगळ्यात मजा घड्याळाची. लंडन न्यूयॉर्कच्या पाच तास पुढं, म्हणून तिकडं जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागं करतात. म्हणजे पंचवीस तासाचा दिवस. तो जास्तीचा तास आम्ही रोज झोपलो. येताना बोटीने आलात तर उलटं, तेवीस तासाचा दिवस मिळतो, त्यामुळे जातानाच बोट बरी, येताना विमान.

शहापूरचा_संजू:
सात दिवस बायकोसोबत एका खोलीत, अप्पा तुम्ही उलटीचं काय घेऊन बसलाय 😂

निपाणीचा_गॅलीवाला:
मी नऊ वर्षं क्रूझवर किचनमध्ये होतो (ही बोट नाही, दुसरी). तुमचा आरामाचा दिवस म्हणजे आमचा मरणाचा दिवस असतो बरं का, बंदर असलं की निम्मे पाहुणे उतरतात, भर समुद्रात सगळे बोटीवर आणि सगळ्यांना सारखी भूक.

उलटीचं म्हणाल तर खोली मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथं सगळ्यात कमी हलतंय. बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूला पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, घाटातल्या गाडीसारखं होत नाही. तरीपण सप्टेंबरचा अटलांटिक, एखादा दिवस हलवतोच. उपाशी राहू नका, कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आलेपाक जवळ ठेवा, मोबाईलमध्ये मान घालू नका, लांब क्षितिजाकडं बघत बसा. गोळी डॉक्टरना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही, आणि झोप येते तिने. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे टाकाच, बोटीवरचं नेटवर्क सॅटेलाइटचं असतंय, माझ्या एका पाहुण्याला नुसता फोन चालू ठेवला म्हणून चाळीस हजाराचं बिल आलं होतं.

टिळकवाडी_काकू:
आणि अमेरिकेचा व्हिसा आधी बघा, ब्रिटनचा असून भागत नाही, अपॉइंटमेंटलाच किती दिवस जातात.

लोंढ्याचा_अप्पा:
व्हिसा दोन्ही झालेत काकू. पंचवीस तासाचं ऐकून बायको तयार झाली, म्हणाली जास्तीचा तास झोपायला मिळत असेल तर येते. आता मी लेकीला मधली खालची खोली माग म्हणून सांगालोय तर ती म्हणते बाबा मी वरची बाल्कनीवाली घेतलीय, जास्त पैसे भरलेत. कालपासून यावरूनच भांडण चाललंय.