मदत हवी आहे: गवताचा पाचोळा कुजण्याचा प्रयोग फसलाय का?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सासवडजवळच्या माळावर पाचोळा किती वेगाने कुजतो ते मोजतेय. कुसळी, मारवेल (दोन्ही गवतं) आणि स्टायलो (चाऱ्याचं द्विदल झुडूप), वेगवेगळे आणि मिसळून, प्रत्येकी 10 ग्रॅम, 2 मिमी जाळीच्या नायलॉन पिशव्यांत भरून पावसाच्या तोंडावर ठेवले.

स्टायलो भराभर कुजला. द्विदल, नत्र जास्त, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. पण मिश्र पिशव्यांतली वजनाची घट तिघांच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त आली. खूश झाले, आणि मग लक्षात आलं की मिश्र पिशव्या मी मिश्र गवताच्या पट्ट्यात ठेवल्यात आणि कुसळीच्या नुसत्या कुसळीत! म्हणजे फरक पाचोळ्याचा, की दाट झाडोऱ्याखालच्या ओलाव्याचा आणि किड्यांचा? जर्मनीतल्या येना इथे 2002 पासून एका प्रयोगासाठी कुरणातल्या वनस्पतींच्या 1 ते 60 जाती पेरलेले वाफे आहेत. तशा ठिकाणी एकच पाचोळा सगळ्या वाफ्यांत ठेवून हे वेगळं काढता येतं. माझ्याकडे सहाच पट्टे आहेत. आता रब्बीत एकट्या मारवेलच्या पिशव्या सगळीकडे ठेवल्या तर चालेल का? की पावसाळ्याशिवाय अर्थ नाही?

दुसरं, वाळवी. दोन पिशव्यांचं वजन चक्क वाढलं, आत मातीच भरलेली. जाळून राख वजा करायची हे माहीत आहे, पण भट्टी किती अंशांवर आणि किती तास ठेवता?

कुणी माळरानावर हे काम केलं असेल तर कृपया सांगा.