शहरात मेट्रो-लोकलजवळ रूम केली त्यायनं आपले अनुभव सांगा

पोरीले पुण्यात नोकरी लागली. आम्ही दारव्ह्याकडचे, तिकडं ओळखीचं कोणी नाही. ऑफिस शिवाजीनगरले आहे म्हणून मेट्रोजवळ रूम पाहून रायलो, पण जवळ म्हणजे नेमकं किती अन् त्याच्यासाठी भाडं किती जास्त द्यावं हे समजून नाही रायलं. कापूस विकून डिपॉझिटचे पैसे बाजूले ठेवले, ते बुडू नये एवढंच. ज्याले जे भोगावं लागलं ते लिहा.

मूर्तिजापूर
काका, शिवाजीनगर असंल तर पिंपरी-स्वारगेट लाइनवरच पाहा, वनाज-रामवाडीवर घेतली तर रोज सिव्हिल कोर्ट (आता नाव जिल्हा न्यायालय) स्टेशनले गाडी बदलावी लागते. मी कासारवाडीकडं राहतो, तिथं मेट्रोही आहे अन् लोणावळा लोकलही, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी. पण माही पहिली रूम फसली होती. दलाल म्हणे पाच मिनिटं, अन् आम्ही गेलो होतो त्याच्या गाडीवर. राहायले गेल्यावर पायी निघालो तर अठरा मिनिटं, मधात हायवे, पलीकडं जायले पूल पार लांब. जुलैत तर बूट रात्री पंख्याखाली ठेवले तरी सकाळी आतून ओलेच, तेच घालून निघायचो. म्हणून पोरीले ऑफिसच्या टायमाले स्टेशनपासून दारापर्यंत पायी चालवून पाहा, अन् एकदा अंधार पडल्यावरही, गल्लीत लाइट आहे का ते तवाच दिसते.

वरुड
मुंबईत स्टेशन जवळ असून भागत नाही, कोणती गाडी थांबते ते पाहा. मी कळव्यात होतो, तिथं स्लोच लोकल. आता डोंबिवली, लांब आहे पण फास्ट भेटते अन् भाड्यात माही मायही येऊन राहू शकते एवढी जागा आहे.

पुसद
डिपॉझिटचं मी सांगतो, कारण माहे गेले. मालक म्हणे अकरा महिन्याचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही, स्टॅम्प पेपरवर सही करून टाकू. मी केली. सोडताना रंगाचे, नळाचे म्हणून अर्धे कापले, अन् भिंतीवरची ओल तर मी यायच्या आधीची होती. मंग वकिलानं सांगितलं, आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं करार लेखी अन् नोंदणी केलेलाच लागते, अकरा महिने असो की तीन वर्षं, अन् ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसंल तर वादात भाडेकरू सांगते त्याच अटी खऱ्या धरतात, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. मले हे तवा माहीत असतं तर मी तसा हात हलवत आलो नसतो. घरी बसून आधार अन् अंगठ्यावर ऑनलाइन होते. चावी घ्यायच्या दिवशी भिंती, नळ, मीटर सगळ्याचे फोटो काढून मालकाले पाठवून द्या.

हिंगणघाट
नागपूरवाल्यायसाठी: लोकमान्य नगरकडं रूम स्वस्त भेटते अन् मेट्रो तिथूनच सुटते, बसायले जागा असते. माहा भाऊ सायकल मेट्रोतच नेते, उतरून कॉलेजले सायकलनं.

दारव्हा
सगळ्यायचे आभार. शनिवारच्या ट्रॅव्हल्सनं पोरीसंग निघतो, कासारवाडीकडंच पाहतो. करार तिच्याच नावानं करावा की माह्या?

पुसद
तिच्याच. राहणार ती, डिपॉझिटही तिच्याच खात्यातून द्या.