बर्मी तूर, लेकीचा प्रश्न

दाणाबंदरकर:
१९८८ला मस्जिद बंदरला कडधान्याच्या पेढीवर हिशेब लिहायला लागलो, मग बाजाराबरोबर वाशीला आलो. लेमन तूर हा आमचा रोजचा शब्द. ही तूर बर्मातून येते (बाजारात अजून म्यानमार कुणी म्हणत नाही).

रविवारी वरण वाढताना लेक म्हणाली, "बाबा, ही डाळ कुणाच्या राज्यातनं आली माहितीय?" ती राज्यशास्त्र शिकते, त्यामुळे घरी सुटका नसते. मग मोबाइलवर दाखवलं. १ फेब्रुवारी २०२१ला लष्कराने सत्ता बळकावली. २७ मार्चला त्यांचा सैन्यदिन होता, आणि त्याच दिवशी रस्त्यांवर शंभरावर माणसं मारली. परेडला आठ देशांचे प्रतिनिधी होते, त्यांत आपलाही. पुढे जूनमध्ये आपला त्यांच्याशी आयातीचा करार झाला: वर्षाला अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर, पाच वर्षं. कराराचे आकडे मला तोंडपाठ होते, परेडचं ठाऊकही नव्हतं. तेच टोचतंय.

आपल्या सरकारने नेमकं काय करायला हवं होतं? जाणकारांनी सांगावं. डाळ बंद करा एवढं मात्र सांगू नका, पोट त्यावर आहे.

जुनी फाइल:
दादा, आपण कायम गप्प नव्हतो. बर्मातल्या १९८८च्या उठावात दिल्ली उघडपणे लोकशाहीवाल्यांच्या बाजूने होती, पळून आलेल्या विद्यार्थ्यांना थाराही दिला. मग १९९५ उजाडलं. मिझोरामच्या सीमेवर दोन्ही लष्करं मिळून आपल्या ईशान्येतल्या बंडखोरांना घेरत होती, नेमका तेव्हाच आपण तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना नेहरू पुरस्कार जाहीर केला. बर्मी सैन्याने हात आखडता घेतला. दिल्लीने तो धडा अजून विसरलेला नाही. १६४३ किलोमीटरची सीमा आहे, पलीकडे चीन टपून बसलाय, तिथल्या सितवे बंदरात आपला पैसा अडकलाय. तेव्हा जे सांगायचं ते बंद दाराआड सांगायचं, हे धोरण.

थिबा पॉइंट:
धोरण कसलं, सवय झालीय. जुलै २०२२मध्ये चार लोकशाहीवाद्यांना फाशी दिली, आपण 'तीव्र चिंता' व्यक्त केली. डिसेंबरात सुरक्षा परिषदेत ठराव आला: हिंसा थांबवा, राजकीय कैदी सोडा. अध्यक्षपद त्या महिन्यात आपल्याकडेच! बारा देश बाजूने, आणि आपण रशिया-चीनबरोबर तटस्थ.

मी मूळचा रत्नागिरीचा. तिथे इंग्रजांनी बर्माच्या थिबा राजाला आणून ठेवलं, आणि १९०८मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने टिळकांना शिक्षा दिल्यावर त्यांना बर्मात मंडालेला धाडलं. तेव्हा गिरणगाव सहा दिवस बंद होतं, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. राजकीय कैदी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

सानपाड्याची काकू:
टिळकांवर गाडी येणार हे माहीतच होतं! मी वेगळं सांगते. वाशी स्टेशनजवळ मिझोराम भवन आहे, टाटाला उपचारांसाठी येणारे मिझो पेशंट तिथे उतरतात. डबा द्यायला मी अधूनमधून जाते. मार्च २०२१मध्ये गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना कळवलं, पलीकडच्यांना आत घेऊ नका. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं की हे जमणार नाही. पलीकडचे चिन जमातीचे लोक म्हणजे त्यांचे भाऊबंदच. पुढे तीस हजारांवर माणसं त्या एवढ्याशा राज्याने सांभाळली. दाणाबंदरकर, ठरावात हात वर करणं राहू दे, पण आलेल्याला परत ढकलू नका एवढं तरी दिल्लीला करता आलं असतं. त्याला चीन कुठे आडवा येतो?

जुनी फाइल:
काकू, हे मान्य. निर्वासितांच्या १९५१च्या करारावर आपली सहीच नाही, म्हणून सगळं अधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालतं.

दाणाबंदरकर:
सगळ्यांचे आभार. फाइलसाहेब, बंद दाराआडचं एकच पटत नाही. आमच्याकडे तोंडी सौदा झाला तरी संध्याकाळपर्यंत चिठ्ठी फाटते, कुणी किती माल कबूल केला ते दिसतं. दाराआड आपण काय मागितलं आणि किती कैदी सुटले, याची चिठ्ठी कुठे आहे?

काकू, भवनात डबा किती वाजता लागतो? पेढीची सुट्टी एकला होते.

लेकीने आज मुगाची आमटी केली. मी काही बोललो नाही.