खोक्यावर किती खोकलं जातं?

पार्सल आलं की कोरोनाच्या भीतीने अजूनही दिवसभर दाराबाहेर ठेवावं का, हा प्रश्न वाचून २०२० आठवलं. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन निथळत ठेवायचे. एकदा तर आईने कोथिंबीरही साबणाच्या पाण्यातून काढली. (ती चटणी कोणी खाल्ली नाही.)

कोरोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तास, प्लास्टिकवर ७२ तास टिकतो, हे आकडे मार्च २०२० मधल्या एका प्रयोगातले. पण प्लास्टिकवरचा जिवंत विषाणू साधारण सात तासांत निम्मा होत होता आणि ७२ तासांनी हजारातला जेमतेम एक उरला होता, हे फार कमी जणांनी वाचलं. शिवाय तिथे विषाणू मुद्दाम भरपूर घातलेला. कुरिअरवाला खोक्यावर इतका खोकत नाही हो!

एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. खरा धोका बंद खोलीतल्या हवेचा.

नोरोव्हायरसचं मात्र वेगळं. उलट्या-जुलाब करणाऱ्या या विषाणूला सॅनिटायझर फोडतं ते चरबीचं आवरणच नसतं, त्यामुळे सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. पृष्ठभागांवर अनेक दिवस टिकतो आणि त्याचे थोडेसे कणही पुरतात. घरात कोणाला उलट्या होत असतील तर पार्सल सोडा. नळ, दाराची कडी, फ्लशचं बटण ब्लीचच्या पाण्याने पुसा आणि हात साबणानेच धुवा.

खोकं लगेच उघडा, रद्दीत टाका, जेवायच्या आधी हात धुवा.