शब्दचर्चा : ‘हाय-थ्रूपुट स्क्रीनिंग अ‍ॅसे’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

औषधसंशोधनावरील लेखांचे मराठीकरण करताना ‘हाय-थ्रूपुट स्क्रीनिंग’साठी (औषध ठरू शकेल असा रेणू शोधण्याकरिता हजारो संयुगांची यंत्रांच्या मदतीने केलेली पहिली तपासणी) ‘जलद चाचणी’, ‘उच्च-गती तपासणी’, ‘उच्च-क्षमता छाननी’ असे निरनिराळे पर्याय सुचतात. पुढे ‘अ‍ॅसे’ (पदार्थाचे प्रमाण किंवा परिणाम पाहण्याची प्रयोगाची मांडणी) आला की अडचण वाढते, कारण ‘टेस्ट’ही चाचणी आणि ‘अ‍ॅसे’ही चाचणीच होऊन बसतो. शिवाय ‘अ‍ॅसे’ तसाच देवनागरीत ठेवला, तर छपाईत तो ‘असे’ वाचला जातो. ‘थ्रूपुट’, ‘स्क्रीनिंग’ आणि हा शब्द अशा तिन्हींचे अर्थ मराठीत वेगळे कसे राखता येतील?

प्रतिसाद १

‘थ्रूपुट’ आणि ‘स्क्रीनिंग’ यांविषयी लिहितो. ‘जलद’ आणि ‘गती’ हे शब्द येथे टाळावेत असे माझे ठाम मत आहे, कारण थ्रूपुट म्हणजे वेग नव्हे. एका नमुन्याचा निकाल किती वेळात लागतो हा वेगाचा प्रश्न आहे, तर ठरावीक वेळात किती नमुने हातावेगळे होतात हा थ्रूपुटचा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने २०२० मध्ये विकसित केलेल्या ‘कोविड कवच’ या एलायझा चाचणीत सुमारे अडीच तासांच्या एका फेरीत ९० नमुने तपासले जात. नमुना एकच असला तरी अडीच तास लागणारच. रॅपिड अँटिजेन चाचणीचा निकाल मात्र १५ ते ३० मिनिटांत हाती येतो. एक चाचणी प्रतिपिंडे शोधते आणि दुसरी विषाणूची प्रथिने, त्यामुळे त्यांचे काम एक नाही. पण वेग दुसरीचा जास्त आणि थ्रूपुट पहिलीचे, एवढे यातून स्पष्ट व्हावे. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई, नोएडा आणि कोलकाता येथील आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थांमध्ये ज्या हाय-थ्रूपुट सुविधा सुरू झाल्या, त्यांचे वैशिष्ट्यही दिवसाला १०,०००हून अधिक नमुने तपासण्याची ताकद हेच होते.

या अर्थाचा शब्द मराठीत घरोघरी आहे, तो म्हणजे ‘उरक’. ‘तिला कामाचा दांडगा उरक आहे’ असे म्हणताना आपण तिच्या हालचालींची चपळाई सांगत नसतो, दिवस मावळेपर्यंत किती कामे पार पडतात ते सांगत असतो. म्हणून हाय-थ्रूपुटसाठी ‘मोठ्या उरकाची’ असे मी सुचवतो. ‘क्षमता’ चुकीचा नाही, परंतु तो इतक्या ठिकाणी वापरला जातो की त्यातून काळाचा संबंध निसटतो.

हा उरक येतो तो प्रामुख्याने प्लेटमधून. हंगेरीत ग्युला ताकात्सी यांनी १९५१ च्या सुमारास इन्फ्लुएन्झाच्या कामासाठी लहान लहान खळग्यांची प्लेट तयार केली. पुढे ८ × १२ अशा ९६ खळग्यांची प्लेट रूढ झाली आणि तेवढ्याच आकारात ३८४ व १५३६ खळगे बसवले गेले. खळगा लहान झाला की द्रव्य कमी लागते, यंत्रमानव तो भरू शकतो, आणि दिवसाला १०,००० ते १,००,००० संयुगे तपासणे शक्य होते.

‘स्क्रीनिंग’साठी ‘चाळणी’ हाच शब्द ठेवावा. स्पर्धा परीक्षांमुळे ‘चाळणी परीक्षा’ सर्वांना परिचित आहे आणि चाळणीतून पुढे गेलेल्याची निवड झालेली नसते हेही प्रत्येकाला ठाऊक असते. आरोग्याच्या क्षेत्रात हा भेद फार महत्त्वाचा आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठी प्रथम जी विद्राव्यता चाचणी होते, ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. व्यक्ती केवळ वाहक आहे की रुग्ण, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. पहिल्या टप्प्याला कोणी ‘निदान’ म्हटले, तर निरोगी वाहक मुलीवर आजाराचा शिक्का बसतो आणि तिच्या लग्नापर्यंत त्याचे परिणाम पोहोचतात. म्हणून पहिली ती चाळणी आणि दुसरी ती निश्चिती, असेच लिहिले पाहिजे.

प्रतिसाद २

‘उरक’ मान्य आहे. ‘अ‍ॅसे’साठी ‘आमापन’ हा शब्द परिभाषेत आढळतो आणि प्रमाण मोजायचे असेल तेथे तो चपखल आहे. मात्र चाळणीत पुष्कळदा प्रमाणापेक्षा परिणाम पाहिला जातो. क्षयरोगावरील बेडाक्विलीन हे औषध ज्या शोधातून आले, त्यात एखादे विशिष्ट प्रथिन समोर ठेवले नव्हते. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या क्षयजंतूच्या निरुपद्रवी भाईबंदाची वाढ कोणत्या संयुगाने थांबते एवढेच पाहिले गेले, आणि ते जंतूच्या एटीपी सिंथेस या ऊर्जा पुरवणाऱ्या विकरावर आघात करते हे नंतर उलगडले. याला ‘आमापन’ म्हणणे ओढूनताणून वाटते.

इंग्रजी शब्दही धातूंच्या पारखीसाठी वापरला जातो, म्हणून सराफाच्या परिभाषेकडे वळावे. कसोटी म्हणजे ज्यावर घासून पाहायचे तो दगड, आणि कस म्हणजे त्यावरून कळणारी शुद्धता. तसेच प्रयोगाची सारी मांडणी ती ‘कसोटी’ आणि संयुगाची दिसून आलेली परिणामकारकता तो ‘कस’, असा भेद ठेवता येईल. येथे एक काळजी घ्यावी लागेल. कसोटी स्वतः किती भरवशाची आहे हेही मोजतात. त्यासाठी १९९९ मध्ये मांडलेला झेड-प्राइम हा गुणांक वापरतात, आणि तो ०.५ किंवा अधिक असेल तर कसोटी उत्तम मानली जाते. त्या संदर्भात ‘कसोटीचा कस’ न लिहिता ‘कसोटीची विश्वासार्हता’ लिहावे.

प्रश्नकर्ता

‘मोठ्या उरकाची चाळणी-कसोटी’ हा शब्दप्रयोग मी स्वीकारतो. आता ‘हिट’, म्हणजे चाळणीत अपेक्षित परिणाम दाखवणारा रेणू, हा शब्द उरला. ‘सापडलेले औषध’ चालेल का?

प्रतिसाद १

मुळीच चालणार नाही. सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजारावरील आयव्हाकॅफ्टरच्या शोधात २ लाख २८ हजार रेणू चाळले गेले, परंतु चाळणीत सापडलेल्या रेणूच्या रचनेत पुष्कळ बदल केल्यानंतर आयव्हाकॅफ्टर घडले आणि जानेवारी २०१२ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. काही रेणू तर कसोटीच्या रसायनांमध्येच ढवळाढवळ करून खोटा कस दाखवतात. तेव्हा ‘हिट’साठी ‘चाळणीत उतरलेला रेणू’ असे लिहावे, आणि पुन्हा स्वतंत्र कसोटीवर टिकल्यानंतरच त्याला ‘खात्रीचा रेणू’ म्हणावे.