चर्चा: बोअरआधी मशीन लावणं म्हणजे पैसे पाण्यात?

मुरमाड: आमच्याकडे पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरतो. नारळ उभा राहिला की तिथंच बोअरची गाडी लागते. यंदा भावकीत तीन बोअर फेल गेले. माझं मत, आधी मशीन लावून रोधकता सर्वेक्षण, म्हणजे जमीन विजेला किती अडवते त्याची मोजणी, कराच. चार सळया जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजायचं. सळयांतलं अंतर वाढवत नेलं की खोलचे थर कळत जातात. नारळाला काय कळतं?

बोअरपोळला: काही नाही, पण नारळ स्वस्त पडतो! मी मशीनवालाच आणला होता. तासाभरात चुन्याची फुली मारून गेला, १८० फुटांवर पाणी म्हणाला. १८० ला लागली तांबडी माती. पुढं ३५० पर्यंत नुसता धुरळा.

दगडफोड्या: अहो, त्या तांबड्या मातीनंच घात केला. दोन लाव्हाथरांमधला तो चिकण थर. त्याचा रोध कमी भरतो, आणि पाण्यानं भरलेल्या मांजऱ्या (भोकाभोकांच्या) खडकाचाही कमीच. यंत्र रोध मोजतं, पाणी नाही. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग या बेसॉल्टवर आहे, म्हणजे हा धोका सगळीकडे. जवळच्या विहिरीत डोकावून कुठला थर किती फुटांवर आहे ते ताडून बघायला हवं होतं.

मुरमाड: म्हणजे दोष पद्धतीचा नाही, माणसाच्या घाईचा.

बोअरपोळला: ती घाई शेतकऱ्यानं ओळखायची कशी? फेल गेला तर फी परत देतो का कोणी? आणि समजा माझा पॉइंट लागला, तर शेजाऱ्याची विहीर आटणार. ते कुठल्या आलेखात दिसतं?

दगडफोड्या: हे मात्र खरं. म्हणून मी एकेका पॉइंटपेक्षा अख्ख्या पाणलोटाच्या नकाशाच्या बाजूचा. २०१३ च्या सुमारास नागपूर जिल्ह्यात चंद्रभागेच्या खोऱ्यात (पंढरपूरची नव्हे) हेलिकॉप्टरखाली मोठं कडं टांगून असं सर्वेक्षण झालं. कड्यातला करंट एकदम तोडायचा आणि जमिनीत उठलेले प्रवाह किती वेगानं विरतात ते मोजायचं. पाण्याचा थर कुठपर्यंत पसरलाय ते समजलं तर कोणाची विहीर कोणाशी जोडलेली आणि पाणी कुठं जिरवायचं, हेही ठरवता येतं.

बोअरपोळला: हेलिकॉप्टर! आमच्या गावात एसटी येत नाही.

मुरमाड: मग निदान शेजारची विहीर तरी बघा, ती फुकट आहे.

बोअरपोळला: बघितली असती हो. बांधावरून त्याच्याशी कोर्टात केस चालू आहे.