‘नववी आणि दहावी’ : हा ‘आणि’ छेदाचा की संयोगाचा?

प्रश्न : मुलीचा नववीचा संचांचा धडा चालू आहे. छेद (दोन्ही संचांत असलेले घटक) म्हणजे ‘आणि’, संयोग (दोन्ही संचांतले मिळून सगळे घटक) म्हणजे ‘किंवा’, असं वर्गात सांगितलंय. पण ‘नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांना उद्या सुट्टी’ या सूचनेत छेद घ्यावा तर रिक्त संच येतो, म्हणजे त्यात कोणीच नाही, कारण हे दोन्ही विभिन्न संच, एकही विद्यार्थी सामाईक नसलेले. मग हा ‘आणि’ कोणता?

उत्तर : शंका रास्त आहे. ‘आणि’ कशाला जोडतोय ते बघा. सूचनेत तो दोन गट जोडतो, म्हणून संयोग. छेदात तो एकाच घटकाबद्दलची दोन विधानं जोडतो : क्ष हा अ मध्ये आहे आणि क्ष हा ब मध्येही आहे. सूचना एकेका विद्यार्थ्याबद्दल लिहून बघा : ‘जो नववीत किंवा दहावीत आहे, त्याला सुट्टी.’ आला की ‘किंवा’! म्हणून मुलीला वाक्य ‘क्ष’पासून सुरू करायला सांगा.

आणि आपला ‘ही’ विसरू नका. ‘चहाही घेतात आणि कॉफीही घेतात’ म्हटलं की छेदच, शंकेला जागा नाही.

आणखी एक उत्तर : संयोगात दोन्हीकडचे घटकही येतात. ‘चहा की कॉफी?’ मधला ‘की’ एकच निवडायला लावतो, संयोगाचा ‘किंवा’ तसा नाही. समजा ४० जणांत २२ चहा घेतात, १५ कॉफी, ८ दोन्ही. संयोगात २२ + १५ − ८ = २९, कारण ते ८ जण दोनदा मोजले गेले होते.

प्रश्न : मग ‘दोन्ही घेत नाहीत’ असे किती? मुलगी ११ म्हणते, तिची मैत्रीण ३२.

उत्तर : वा, खरी मेख इथेच आहे! बोलताना आपण ‘दोन्ही घेत नाहीत’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा ‘चहाही नाही, कॉफीही नाही’ असंच म्हणायचं असतं. तो संयोगाचा पूरक संच, म्हणजे संयोगाबाहेर उरलेले, ४० − २९ = ११. पण ‘दोन्ही घेणारे’ वगळून उरलेले, म्हणजे छेदाचा पूरक संच, ४० − ८ = ३२. मदुराईत जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन (१८०६–१८७१) यांच्या नावाचे नियम हेच सांगतात (∪ म्हणजे संयोग, ∩ म्हणजे छेद, ′ म्हणजे पूरक) : (अ ∪ ब)′ = अ′ ∩ ब′ आणि (अ ∩ ब)′ = अ′ ∪ ब′. दुसरा ताडून बघा : चहा न घेणारे १८, कॉफी न घेणारे २५, दोन्ही याद्यांत असलेले ११; १८ + २५ − ११ = ३२.

गणित घालणाऱ्याने पहिल्यासाठी ‘यांपैकी काहीच घेत नाहीत’ आणि दुसऱ्यासाठी ‘दोन्ही पेयं घेणारे सोडून बाकीचे’ असं लिहावं. नुसतं ‘दोन्ही घेत नाहीत’ परीक्षेत विचारूच नये.